पटावरची ओळख

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे दरवर्षी कोणी शिकलीसवरलेली बाई बोलते. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, दुसऱ्या शनिवारच्या खेळांचे तुम्ही पहिल्या दिवसापासून पाहता आहात, गावात त्याविषयी नाही नाही ते बोलले जाते, तर खरे काय ते तुम्हीच सांगा. म्हणून उभी राहिले आहे. पुढच्या महिन्यात कार्यकारिणीत हे खेळ चालू ठेवायचे की बंद करायचे याचा निर्णय व्हायचा आहे, हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते चालू राहावेत असे मला वाटते. तेव्हा माझे बोलणे एका बाजूचे आहे हे समजूनच ऐकावे.

ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. २०२३ सालच्या दिवाळीनंतर आपण हे सुरू केले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ आपल्या याच हॉलमध्ये सतरंज्या आणि टेबले मांडतो. तीन कॅरम बोर्ड आहेत, पत्त्यांचे सहा जोड आहेत, बुद्धिबळाचे दोन पट आहेत आणि आमच्या एका सभासद काकूंनी स्वतः शिवलेला कापडी सारीपाट आहे. येणारी माणसे तीस वर्षांच्या पुढची. कोणाचे लग्न राहून गेलेले, कोणाचा जोडीदार वारलेला, कोणाचा कोर्टातून रीतसर काडीमोड झालेला. ही मंडळी येतात, खेळतात, चहापोहे घेतात आणि घरी जातात. याउपर तिथे काही चालत नाही. खेळता खेळता कोणाचे कोणाशी मन जुळले तर जुळले, नाही तर तीन तास बरे गेले म्हणायचे.

हे आपल्याला का सुचले तेही सांगायला हवे, कारण नव्या सभासदांना वाटते की हे कोणाचे तरी शहरी खूळ आहे. आपण आधी पाच वर्षे वधू-वर मेळावे भरवत होतो. मेळाव्यात काय होते ते आपण जाणताच. व्यासपीठावर माईक, छातीवर नंबराचा बिल्ला, हातात अर्ज. नाव, उंची, पगार, शेती किती, अपेक्षा काय. विशी-पंचविशीच्या पोरापोरींचे त्यात निभून जाते, त्यांच्या मागे आईबाप, मामामावशी सगळे असतात. परंतु सदतीस वर्षांची बाई माईकसमोर उभी राहून स्वतःची उंची सांगते तेव्हा सभागृहात कुजबुज सुरू होते, "एवढी वर्षे का राहिली असेल?" विधवा बाई असेल तर अर्जात "अपत्ये" हा एक रकाना असतो आणि तो वाचून झाला की पुढचे कोणी वाचतच नाही. आमच्या शेवटच्या मेळाव्यात एक प्राथमिक शिक्षिका आल्या होत्या. धाकट्या भावंडांची शिक्षणे करता करता त्यांचे लग्न राहिले. त्या माईकवरून खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, बाजारात बैलाचे दात बघतात तसे झाले हे." त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि बोलावण्याची आम्हांलाही छाती झाली नाही.

मुलग्यांचे काही निराळे नाही. आपल्या इचलकरंजीत मागावर काम करणारा, पाळीपाळीने जाणारा, किंवा आसपासच्या खेड्यांत दोन एकर ऊस असलेला मुलगा पस्तिशीला आला तरी मुलगी मिळत नाही. हे एका गावाचे नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चाने गेले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. लोक हसले. मला हसू आले नाही. गर्भातच मुली खुडल्या गेल्या, त्याविरुद्धचा कायदा १९९४ साली झाला तरी खुडणे चालूच राहिले, आणि आता त्याच आयांच्या मुलांना बायको मिळत नाही. त्या मोर्चेकऱ्यांनीही हा कायदा कडक पाळा अशीच मागणी केली होती.

तर मेळावा बंद करायचा म्हटल्यावर पुढे काय, असा प्रश्न आला. आमच्या एका सभासदांची भाची पुण्यात नोकरीला असते. ती म्हणाली, पुण्याला आणि बंगळूरला आता खेळांची उपाहारगृहे निघाली आहेत. अनोळखी माणसे चौघे-सहा जण एका टेबलाशी बसून पट मांडून खेळतात, आणि मोठ्या वयाच्या माणसांच्या तिथे ओळखी होतात, पुढे लग्नेही होतात. तिच्या एका मैत्रिणीचे तसेच जमले. हे ऐकून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मग त्याला पुण्याला कशाला जायला पाहिजे? माझ्या माळ्यावर कॅरम पडलाय." सुरुवात झाली ती अशी.

आणि खरे म्हणजे यात नवे काय आहे? आपल्या लग्नांत नवरानवरीला खेळायला बसवत होतेच की. हातातली सुपारी सोडवायची, विडा तोडायचा, हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायची. माझ्या लग्नात मी सुपारी अशी घट्ट धरली होती की आमच्या ह्यांना दोन्ही हात लावावे लागले आणि आत्याबाईंनी "एका हातानं, एका हातानं" म्हणून दम भरला. तोपर्यंत मी त्यांचा चेहराही नीट पाहिला नव्हता. अक्षता पडून गेल्या होत्या, आणि माणूस हसरा आहे की रागीट आहे हे मला त्या सुपारीच्या खेळात कळले. पूर्वी लहान मुलामुलींची लग्ने होत, त्यांची भीड चेपावी म्हणून हे खेळ असावेत. आम्ही इतकेच केले की लग्नानंतरचा खेळ लग्नाच्या आधी आणला. वेरूळच्या लेण्यांत शंकरपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. आपल्या मंडळाच्या सहलीत मी ते शिल्प डोळ्यांनी पाहिले आहे. देवांना चालते ते आपल्या हॉलमध्ये का चालू नये, असे मी एका तक्रार करणाऱ्या बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "त्यांचं लग्न झालेलं होतं." हे उत्तर मात्र त्यांनी चांगले दिले.

आता खेळांविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण यात आम्हांला पुष्कळ शिकायला मिळाले.

पहिल्या दोन शनिवारी आम्ही हौसी ठेवली होती, कारण मंडळात हौसी सगळ्यांना येते. परंतु ती या कामाला चालली नाही. तिकिटावर १५ आकडे, जो तो आपल्या तिकिटात मान घालून बसलेला, बोलणारी एकटी आकडे पुकारणारी. तीन तास खेळूनही शेजारच्याचे नाव कळत नाही. बुद्धिबळाचेही तेच, दोन माणसे आणि मध्ये शांतता. मात्र फार लाजणारी माणसे आधी बुद्धिबळाला बसवली तर बरे पडते, कारण तिथे न बोलणे कोणाला खटकत नाही. पहिली दहा मिनिटे त्यांची तशी गेली की मग ती कॅरमकडे येतात.

कॅरम उत्तम. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक तांबडी राणी. चौघे खेळले की भिडू समोरासमोर बसतो. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावे लागते, नाही तर राणी परत बोर्डावर येते. इथे माणसाचा स्वभाव दिसतो. काहींना फक्त राणी मारायची हौस असते आणि कव्हरचा विचारच नसतो. काही जण भिडूसाठी सोंगटी सरकवून ठेवतात. एक गृहस्थ प्रत्येक डावात भिडूला "इथून मार, असं मार" म्हणून शिकवीत असत. तीन महिने त्यांच्याबरोबर ज्या ज्या बायका बसल्या त्या पुढच्या वेळी हळूच दुसऱ्या बोर्डाकडे जात. आम्हांला कोणी काही सांगावे लागले नाही.

बदाम सात सगळ्यांना येते म्हणून सुरुवातीला तेच ठेवतो. त्यात हातातली सत्ती अडवून धरली की बाकीच्यांना पास म्हणत बसावे लागते. खेळाचा तो भागच आहे, त्याला वाईट म्हणता यायचे नाही. पण कोण हसत अडवतो आणि कोण दुसऱ्याची फजिती बघत अडवतो हा फरक टेबलाशी बसल्यावर दोन डावांत कळतो, आणि अर्जाच्या रकान्यांत तो कधी लिहिलेला नसतो.

मेंढीकोट मात्र या सगळ्यांचा राजा. चौघेजण, तेरा तेरा पाने, समोरचा आपला भिडू, दहाच्या चार पानांसाठी म्हणजे मेंढ्यांसाठी सगळी धडपड. भिडूला खूण करायची नाही, तोंडाने सांगायचे नाही. त्याच्या हातात काय असेल हे त्याच्या उतारीवरून ओळखायचे. संसारात तरी दुसरे काय करतो आपण? दर दोन डावांनी आम्ही भिडू बदलतो, म्हणजे एका संध्याकाळी एका बाईला पाच-सहा पुरुषांबरोबर खेळता येते आणि कोणी कोणाला चिकटून बसत नाही.

मंडळाने काही नियम केले आहेत. पहिल्या दिवशी जात, पगार, पत्रिका विचारायची नाही. फक्त नाव आणि गाव. मोबाईल दाराशी टोपलीत ठेवायचे. फोटो काढायचे नाहीत. कोणाचा नंबर हवा असेल तर तो समोरच्याकडे मागायचा नाही, आमच्याकडे सांगायचे. आम्ही दुसऱ्या बाजूला विचारतो आणि होकार आला तरच देतो. मंडळाच्या दोघी बायका पूर्ण वेळ हॉलमध्ये असतात. आठनंतर कोणतीही बाई एकटी घरी जात नाही, पोचवायला रिक्षा ठरलेली आहे. जितक्या बायका तितकेच पुरुष घेतो. हा नियम मागाहून करावा लागला. पुरुषांची नावे दुपटीहून जास्त येत होती, आणि तीन बायकांभोवती अकरा पुरुष बसले की खेळाची मजा जाते. बायका कमी येतात याचे कारण आपण सगळ्या जाणतो. पुरुष आला तर लोक म्हणतात बिचारा एकटा आहे. बाई आली तर म्हणतात हिला काय कमी पडले?

आणि एक नियम कडक आहे. ज्यांचा काडीमोड झाला आहे त्यांनी कोर्टाच्या हुकमाची प्रत आधी दाखवायची, आणि जोडीदार वारलेल्यांनी दाखला. हा नियमही उगाच केलेला नाही. एक गृहस्थ अविवाहित म्हणून चार शनिवार येत होते. बोलायला गोड, कॅरमला हात बसलेला. एका बाईंनी त्यांचा नंबर मागेपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा आमच्या खजिनदारबाईंनी चौकशी केली. त्यांची बायको माहेरी होती आणि कोर्टात दावा चालू होता. आम्ही त्यांना येऊ नका म्हणून सांगितले. त्या बाई फार रडल्या. वकीलबाईंनी तेव्हा समजावून सांगितले की नुसता काडीमोडाचा हुकूम झाला म्हणूनही लगेच लग्न करता येत नाही, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अपिलाची मुदत जावी लागते. लोक म्हणतात, बघा, खेळांमुळे असे फसवणारे येतात. पण हे गृहस्थ मेळाव्याच्या अर्जातही "अविवाहित" असेच लिहू शकले असते. इथे चार वेळा समोर बसले म्हणून तरी चौकशी झाली.

आता घरची गोष्ट सांगते. जिची आहे तिला विचारले आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे आणि तिने मान हलवली, म्हणूनच सांगते.

माझे धाकटे दीर २०२१ च्या मे महिन्यात करोनाने गेले. वय ३९. जाऊ तेव्हा ३४ वर्षांची आणि मुलगी सात वर्षांची. जाऊबाई शिवणकाम करते, पोरीचे सगळे तीच बघते. आमच्या आत्याबाईंनी तिला कधी वाईट बोलल्या असे नाही. पण हळदीकुंकवाला तिने आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, हे कोणी न सांगता घरात ठरून गेले. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे, हे आता गावात करायचे नाही. पुढे सरकारनेही हाच कित्ता इतर गावांनी गिरवावा असे कळवले. ती बातमी मी जाऊबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आक्का, ठराव झाला खरं, पण हळदीकुंकवाला बोलवायला कोण येणार?" त्या संक्रांतीपासून आपल्या मंडळाने सगळ्या बायकांना कुंकू लावायला सुरुवात केली, ते तिच्या या बोलण्यावरून.

खेळाच्या पहिल्या शनिवारी ती माझ्याबरोबर चहा करायला आली होती, खेळायला नाही. मेंढीकोटाला एक भिडू कमी पडला. चिटणीसबाईंनी तिच्या हातातली किटली काढून घेतली आणि तिला बसवले. तिचा भिडू होते जयसिंगपूरकडचे एक गृहस्थ, वय ४३, बायको कॅन्सरने गेलेली, मूलबाळ नाही, एका दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी किलवरचा एक्का उतरला होता, हात त्यांचाच होणार होता. जाऊबाईकडे किलवर नव्हते. तिने घाबरून त्याच्यावर हुकूम टाकला. शेवटी नेमका तोच हुकूम कमी पडला आणि एक मेंढी गेली, डाव तीन-एकने हरले. शेजारच्या टेबलावर असेच झाले तेव्हा एका माणसाने पाने आपटली होती. या गृहस्थांनी पाने गोळा केली, पिसली आणि म्हणाले, "पुढचा डाव आपला." पुढचाही हरले.

रात्री भांडी घासताना जाऊबाई मला म्हणाली, "पान चुकलं तरी माणूस बोलला नाही, आक्का." थोड्या वेळाने म्हणाली, "मला पत्तं ह्यांनीच शिकवलेलं. ते वरडायचे. पण मागनं हसायचे." आणि मग पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

पाचव्या महिन्यात त्या गृहस्थांनी मंडळाकडे विचारले की घरी येऊन थोरल्यांशी बोलता येईल का. आमच्या घरात त्या दिवशी जे झाले ते सगळे सांगत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "कपाळ पांढरं झालेल्या बाईनं पुरुषांत बसून पत्तं खेळायचं, आणि वर हे?" दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. आमचे हे गप्प. नणंदेचा फोन आला की घराण्याचे नाव घालवले. जाऊबाई म्हणाली, "मी जात नाही आता शनिवारी," आणि पुढचे दोन शनिवार गेली नाही.

आत्याबाई नुसत्या जुन्या वळणाच्या म्हणून चिडल्या असत्या तर मी एवढे सांगितले नसते. तिसऱ्या दिवशी त्या माझ्यापाशी बसून रडल्या तेव्हा खरे बाहेर आले. त्यांना भीती होती ती नातीची. ही लग्न करून गेली की मुलाची एकुलती खूण घेऊन जाणार. आणि दुसरी भीती घराची, कारण निम्मे घर दिरांच्या नावावर. कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते की सून लग्न करून गेली की घर विकून जाईल, आणि दुसऱ्याच कोणीतरी उलट भरवले होते की तिने लग्न केले की तिचा हक्कच जातो, तर करू द्या. दोन्ही सल्लागार आपल्याच गल्लीतले.

तेव्हा मी आज इथे बसलेल्या या वकीलबाईंना घरी बोलावले. त्यांनी आमच्या आत्याबाईंना जे सांगितले ते इथल्या प्रत्येकीने ऐकून ठेवण्यासारखे आहे. विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा देणारा कायदा १८५६ सालचा. पण त्यात तिने लग्न केले की नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई. १९५६ च्या वारसा कायद्याने नवऱ्याकडून आलेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा केला, त्यामुळे पुढे लग्न केले तरी तो जात नाही. आणि मृत्युपत्र न करता हिंदू माणूस वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुले आणि आई यांना सारखा सारखा वाटा असतो. म्हणजे आमच्या घरात तीन वाटे. एक जाऊबाईचा, एक पोरीचा आणि एक आत्याबाईंचा. मुलाच्या मिळकतीत आईचाही वाटा असतो हे आत्याबाईंना ठाऊकच नव्हते. त्या वकीलबाईंना पुन्हा विचारत होत्या, "माझा? माझा कसा?" तीन वर्षे त्या हे समजून चालल्या होत्या की आपण सुनेच्या घरात राहतो आहोत.

त्यानंतर एकदम सगळे गोड झाले असे नाही. आत्याबाईंनी अजून होकार दिलेला नाही. जाऊबाईनेही दिलेला नाही. ती म्हणते, पोरगी दहावी होऊ दे. मला वाटते ती स्वतःही अजून पुरती तयार नाही, आणि तिने तसे असायला माझी हरकत नाही. ते गृहस्थ या संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी आले. पोरीने त्यांना बदाम सात खेळायला बसवले. आत्याबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या, तोंड भिंतीकडे. पोरगी इस्पिकची सत्ती टाकायला निघाली तशा त्या तिकडूनच म्हणाल्या, "थांब, आत्ताच नको सोडू ती."

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे लग्ने किती जमली. तीन. त्यातले एक जोडपे वर ५२ आणि वधू ४८, दोघांचीही मुले मोठी, मुलांनीच आईबापांची नोंदणी करून आणली. एक जोडपे निराळ्या जातींचे. त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. त्याला ३० दिवसांची नोटीस लागते, आणि ती कचेरीत लागलेली वाचून दोन्हीकडचे नातेवाईक आपल्या हॉलवर आले, तो दिवस अध्यक्षाबाईंच्या लक्षात असेल. तिसऱ्याचे थोडक्यात सांगायचे तर ते रोज भांडतात आणि रोज कॅरम खेळतात. आणखी दोघांचे जमत आले होते, पण मोडले. सव्वादोन वर्षांत तीन हा आकडा थोडा आहे असे काहींना वाटते. परंतु पाच वर्षांच्या मेळाव्यांत पस्तिशीच्या पुढचे एकही जमले नव्हते, हेही वहीत लिहिलेले आहे.

आक्षेप घेणाऱ्यांविषयी दोन शब्द. कोणी म्हणाले पत्ते म्हणजे जुगार, पोलीस येतील. जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे आणि तो पैसा लावून खेळण्याविषयी आहे. आपल्या टेबलावर एक पैसाही लागत नाही. तसे पाहिले तर हौसीला दहा रुपये तिकीट आपणच घेत होतो, तेव्हा कोणाला पोलीस आठवले नाहीत! कोणी म्हणतात, मंडळाने पापड-लोणची करावी, शिवणवर्ग काढावा, माणसांची लग्ने जुळवणे हे आपले काम नव्हे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा बाईंशी लग्न केले तेव्हा मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्या गोदूबाईंचे म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचे "माझे पुराण" आपल्या कपाटात आहे, मी ते हळूहळू वाचले. आज तसे वाळीत टाकणारे कमी झाले हे खरे. आज नुसते बोलावत नाहीत. चाळीस वर्षांची एकटी बाई लग्नाला गेली तर पंगतीत तिच्या शेजारी कोण बसते ते बघा. घरी पाळी करून आलेला एकटा पुरुष भिंतीशी काय बोलतो ते त्याचे त्यालाच ठाऊक. महिन्यातून तीन तास कोणीतरी "तुमची उतारी" म्हणते, यासाठी जयसिंगपूरहून, कुरुंदवाडहून माणसे एसटीने येतात. त्यांतल्या सगळ्यांना लग्न करायचेच आहे असेही नाही. एक बाई मला म्हणाल्या, मला नवरा नको, मला कॅरम पाहिजे. त्यांनाही आम्ही येऊ देतो.

आता कामाचे. एका कॅरम बोर्डाची कड उचकटली आहे, स्ट्रायकर नीट परत येत नाही, तो बदलायला हवा. पावडर कोणीतरी घरून आणावी. गुडघ्याच्या त्रासाच्या मंडळींना सतरंजीवर बसवत नाही, त्यांच्यासाठी पाठ असलेल्या चार खुर्च्या लागतील. रिक्षाचे पैसे आतापर्यंत मी आणि खजिनदारबाई देत आलो, ते मंडळाच्या खर्चात धरावेत अशी विनंती आहे. कार्यकारिणीतल्या ज्या बहिणींनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांनी मत देण्याआधी एकदा यावे. येत्या दुसऱ्या शनिवारी, पाच वाजता. मेंढीकोटाला नेहमी एखादा भिडू कमीच पडतो.